माळ्यावरचा संगणक आणि घरातलं जाळं

लोणच्याला बुरशी का येते इथपासून नव्या सुनेशी कसं वागावं इथपर्यंत सगळ्या प्रश्नांची पत्रं या सदराकडे येतात. बहुतेकांना चार ओळींत उत्तर देता येतं. यावेळी मात्र दोन पत्रं अशी आली की त्यांच्यासाठी अख्खं सदर राखून ठेवावं लागलं.

पहिलं पत्र एका तालुक्याच्या गावाहून आलं आहे. यजमान निवृत्त झाले आणि त्यांनी मागच्या खोलीत जुने संगणक जमवायला सुरुवात केली. आतापर्यंत चार झाले. एकाला तर पडदाच नाही, तो टीव्हीला लावावा लागतो. घरभर निळ्या वायरी पसरल्यात, त्यातली एक देवघरावरून गेली आहे. पाहुणे आले की या ताईंना मेल्याहून मेल्यासारखं होतं. भंगारवाला दारावरून ओरडत जातो तेव्हा फार मोह होतो, देऊन टाकू का, असं त्या विचारतात.

दुसरं पत्र अगदी छोटं आहे. या भगिनीचे यजमान दिवाळीनंतर गेले. घरातलं इंटरनेट, फोटो, हिशेब सगळं तेच बघायचे. कपाटावर एक काळा डबा आहे. मुलीच्या लग्नाचे आणि यजमानांचेही सगळे फोटो त्यात आहेत, असं ते म्हणायचे. डब्याचा दिवा लागतो, पण आतलं काही दिसत नाही. पासवर्ड त्यांच्या डोक्यात होता, तो त्यांच्याबरोबर गेला. काय करू, एवढंच त्यांनी विचारलंय.

पहिलं पत्र वाचून हसू आलं, दुसरं वाचून पोटात कालवलं. पण नीट पाहिलं तर दोन्ही पत्रांत प्रश्न एकच आहे. आपल्याच घरात जे चाललं आहे, ते आपल्याला माहीत असावं की नसावं? गॅसचं पुस्तक कुठे आहे, विम्याचा हप्ता कधी भरायचा, लॉकरची किल्ली कोणत्या डब्यात आहे, हे आपल्याला झोपेतही सांगता येतं. मग हा एवढा वायरींचा संसार तेवढा "त्यांचा" आणि आपण त्यावर फक्त धूळ पुसायची, हे कसं चालेल?

हा छंद आहे तरी काय?

पुरुषमाणसाने जुना, बंद पडलेला संगणक उराशी धरून बसावं याचं आपल्याला नवल वाटतं. पण आपण आजीची पितळी परात मोडीत घालतो का? तसंच आहे हे थोडंसं.

आज जे पन्नाशी-पंचावन्नच्या घरात आहेत, त्यांच्या शाळकरी वयात संगणक नुकता दिसू लागला होता. केंद्र सरकारने १९८४-८५ मध्ये शाळांसाठी "क्लास" नावाचा प्रकल्प सुरू केला. त्यासाठी निवडला होता ब्रिटनचा बीबीसी मायक्रो. हा संगणक डिसेंबर १९८१ मध्ये तिथे बाजारात आला होता. शाळेत तो यायचा म्हणजे सोहळाच. चपला बाहेर काढायच्या, खोलीला पडदे, आणि एका संगणकापुढे पाच-सहा मुलं. तुमच्यापैकी काहीजणींनीही त्याच्या कळा दाबल्या असतील, आठवून बघा.

दुसरा होता झेडएक्स स्पेक्ट्रम. १९८२ साली ब्रिटनमध्ये निघाला आणि पुढे त्याचीच स्पेक्ट्रम प्लस ही आवृत्ती परवाना घेऊन भारतातही तयार झाली. त्याला स्वतःचा पडदा नाही, घरच्या टीव्हीला लावायचा. कार्यक्रम आत भरायचा तो साध्या कॅसेटवरून. टेपरेकॉर्डर सुरू केला की चार-पाच मिनिटं कर्कश किरकिर ऐकायची, आणि शेवटच्या क्षणी काही चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. ताई, तुमच्या मागच्या खोलीतला बिनपडद्याचा संगणक बहुधा या कुळातला असावा.

बीबीसी मायक्रोच्या सर्वांत खपलेल्या प्रकाराची स्मृती होती अवघी ३२ किलोबाइट. आज तुमच्या मोबाइलने काढलेला एक साधा फोटो याच्या शंभरपट जागा सहज घेतो. एवढ्याशा जागेत मुलांनी गणितं सोडवली, खेळ लिहिले. काटकसरीने संसार करणाऱ्या बाईला याचं कौतुक वाटायला हवं. त्या काळच्या यंत्रात काय चाललं आहे ते एका माणसाला आरपार समजू शकत असे. आजच्या यंत्रात तसं नाही. छंदिष्ट लोकांना जुन्याची ओढ असते ती यासाठी.

आणि हे सारं पुरुषांचंच राज्य आहे असंही समजू नका हं. बीबीसी मायक्रोची बेसिक भाषा लिहिली सोफी विल्सन यांनी. पुढे त्यांनीच एआरएम नावाच्या प्रोसेसरची आज्ञावली रचली, आणि तो पहिल्यांदा एप्रिल १९८५ मध्ये चालला. आज तुमच्या हातातल्या मोबाइलच्या पोटात त्याच घराण्यातला प्रोसेसर आहे. तेव्हा "हे आपल्याला काय कळणार" हे वाक्य आजपासून बंद.

जाळं म्हणजे पंगत

आता त्या निळ्या वायरींकडे वळू. इंटरनेट कंपनीची तार घरात येते ती एका डब्यात, त्याला राउटर म्हणतात. राउटर म्हणजे घराचा उंबरठा. आतलं आत, बाहेरचं बाहेर, आणि जे आतबाहेर जायचं ते याच्या परवानगीने. वायरी जास्त झाल्या की दुसरा एक चपटा डबा लागतो, तो स्विच. त्याचं काम वाढप्याचं. ज्याचं त्याच्या पानात वाढायचं, एवढंच.

घरातल्या प्रत्येक यंत्राला, मग तो मोबाइल असो, टीव्ही असो की संगणक, राउटर एकेक क्रमांक देतो. बहुतेक घरांत हे क्रमांक १९२.१६८ ने सुरू होतात. फेब्रुवारी १९९६ मध्ये काही क्रमांक खाजगी वापरासाठी राखून ठेवल्याचं पक्कं झालं, त्यातलेच हे. तुमच्या घरात जो क्रमांक आहे तोच शेजारणीच्या घरातही असू शकतो आणि दोघींचं काही अडत नाही. प्रत्येक घरात "मधली खोली" असते, तसंच हे.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा, कारण छंदिष्टांच्या घरात निम्म्या तक्रारी यातूनच उद्भवतात.

पहिली, पंगतीत पाट मांडणारा एकच असावा. यजमानांनी हौसेने जुना राउटर आणून नव्याला जोडला आणि दोघेही क्रमांक वाटू लागले, की मग सासऱ्यांचा टीव्ही चालतो, मुलाचा अभ्यास अडतो, आणि का ते कोणालाच कळत नाही. जुन्या राउटरची क्रमांक वाटण्याची सोय बंद करायची असते. तिला डीएचसीपी म्हणतात. एवढा एक शब्द पाठ करा आणि यजमानांना विचारा, "डीएचसीपी दोन ठिकाणी चालू नाही ना?" चेहरा पाहण्यासारखा होईल!

दुसरी, एकाच स्विचच्या दोन भोकांत एकाच वायरीची दोन टोकं घालू नका. साफसफाई करताना एक टोक लोंबकळताना दिसतं आणि आपण नीटनेटकेपणा म्हणून ते रिकाम्या भोकात खोचून देतो. झालं! निरोप त्या वर्तुळात गरगर फिरत राहतात, वाढत जातात आणि पाच मिनिटांत अख्ख्या घराचं जाळं झोपतं. यावरचा तोडगाही एका बाईनेच काढला. रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डीईसी या कंपनीत असताना अशी युक्ती शोधली, की जाळ्यातले स्विच आपापसांत बोलून फिरून येणारी वाट आपणच बंद ठेवतात. मोठ्या कचेऱ्यांतली जाळी आजही या मूळ कल्पनेवर चालतात. पण घरगुती स्वस्त स्विचमध्ये ही सोय बहुधा नसते, म्हणून सांगते. लोंबकळतं टोक दिसलं तर खोचू नका, त्याला कागदाची चिठ्ठी बांधा आणि विचारा.

राउटर कुठे ठेवावा?

आपल्याकडे राउटर दिसायला वाईट म्हणून लोखंडी कपाटाच्या मागे किंवा टीव्हीच्या खालच्या कप्प्यात दडवतात, आणि मग मागच्या खोलीत वाय-फाय येत नाही म्हणून दुसरं यंत्र विकत घेतात. आधी हे करून बघा.

राउटर घराच्या मधोमध आणि उंचावर असावा. लोखंड, आरसा आणि पाणी या तीन गोष्टी लहरी अडवतात. म्हणून कपाट, ड्रेसिंग टेबल, माशांची काचपेटी आणि पाण्याची टाकी यांच्या आड तो नको. सिमेंट-सळईची भिंतही बराच जोर खाते. मायक्रोवेव्ह ओव्हन ज्या लहरींवर चालतो त्या २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या, आणि वाय-फायचा जुना पट्टाही तिथलाच, २.४ गिगाहर्ट्झचा. म्हणून पदार्थ गरम करायला ठेवला की स्वयंपाकघरातला व्हिडिओ अडखळतो. यंत्र बिघडलेलं नसतं. राउटर ओव्हनपासून लांब ठेवा, किंवा मोबाइल ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर लावा. हा पट्टा वेगवान, पण भिंतीपलीकडे लवकर दमतो.

जी यंत्रं जागची हलत नाहीत, टीव्ही किंवा टेबलावरचा संगणक, त्यांना वायरच बरी. एका वायरीची लांबी १०० मीटरपर्यंत चालते, म्हणजे घराला पुरून उरते. तेव्हा देवघरावरून नेण्याची काही गरज नाही. भिंतीच्या कडेने, पट्टी लावून, दारांच्या चौकटीला धरून वायर नेली की दिसतही नाही. फक्त विजेच्या वायरीच्या नळीतून ती नेऊ देऊ नका.

वायरीच्या टोकाला पारदर्शक प्लग असतो, त्यात आठ रंगीत तारा बसवायच्या असतात. क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम. ज्या हातांना बारीक सुईत दोरा ओवायची सवय आहे त्यांना हे काम पहिल्या दोन-तीन प्रयत्नांत जमतं. दाबायची पक्कड बाजारात फार महाग नाही. यजमानांनी चष्मा शोधेपर्यंत तुमचा प्लग तयार होईल!

जुनं यंत्र सांभाळताना

आता थोडं काळजीचं. छंद असला तरी घरात लहान मुलं असतात, म्हातारी माणसं असतात. हे नियम घरधनिणीने घालून द्यावेत आणि त्यात सूट देऊ नये.

१. जुना, मागे फुगीर असलेला काचेचा मॉनिटर किंवा टीव्ही घरी उघडायचा नाही. आत वीसेक हजार व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो साठून राहू शकतो. ज्याने हे काम शिकून केलेलं आहे त्यानेच उघडावा.

२. वर्षानुवर्षं बंद असलेला संगणक आणल्या आणल्या विजेला लावायचा नाही. आतले जुने कपॅसिटर फुटतात, उग्र वासाचा धूर येतो. आधी पॉवर सप्लाय तपासून घ्यावा, आणि पहिल्यांदा चालू करताना माणूस समोर हवा.

३. १९९० च्या सुमाराच्या अनेक संगणकांत पिंपासारखी छोटी बॅटरी मदरबोर्डला डकवलेली असते. ती पाझरते आणि आतल्या तारा खाऊन टाकते. संगणक माळ्यावर ठेवायचा असेल तर आधी ती काढायला सांगा. पाझरलेलं पुसताना हातमोजे घाला. थोडं व्हिनेगर लावून मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करतात.

४. नंतरच्या संगणकांत नाण्यासारखी चपटी बॅटरी असते. ती लहान मुलांनी गिळली तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. काढलेली बॅटरी टेबलावर पडलेली दिसता कामा नये. गिळल्याचा नुसता संशय आला तरी वाट न बघता इस्पितळ गाठा.

५. पावसाळ्यात संगणक प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळू नका, आत दमट हवा कोंडते. सुती कापड घाला, जवळ सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवा. कपड्यांतल्या डांबरगोळ्या मात्र इथे नकोत. त्यांच्या वाफेने काही प्रकारचं प्लास्टिक मऊ पडतं.

६. मेअखेरीस वळवाचे ढग गडगडू लागले की राउटरचा प्लग काढा, आणि बाहेरून येणारी तार तांब्याची असेल तर तीही सोडवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

७. एका एक्स्टेन्शन बोर्डाला दुसरा बोर्ड जोडायचा नाही. इस्त्री आणि गिझर तर त्या बोर्डावर नकोच नको.

जुन्या संगणकाचं पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं, त्यावर मात्र एक छान उपाय आहे. पार्लरमध्ये केस रंगवताना हायड्रोजन पेरॉक्साइडचं क्रीम वापरतात ना, तेच. आतला सगळा यंत्रभाग काढून नुसतं कव्हर घ्यायचं, हातमोजे आणि चष्मा घालून क्रीम सारखं फासायचं, वर पातळ पारदर्शक प्लास्टिक गुंडाळायचं आणि उन्हात ठेवायचं. क्रीम वाळू द्यायचं नाही, नाहीतर पट्टे उमटतात. तासातासाने फिरवत राहा. कुरडया-पापडांवर नजर ठेवायची सवय आपल्याला आहेच! काही वर्षांनी पिवळेपणा पुन्हा येऊ शकतो, पण तोवर खोली उजळ दिसते.

आणखी एक. जुन्या संगणकाला इंटरनेटची वाट देऊ नका. विंडोज एक्सपीसारख्या प्रणालींची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजीच थांबली, त्यानंतर सापडलेल्या भगदाडांना ठिगळ लागत नाही. छंदाच्या यंत्रांचा स्विच वेगळा ठेवावा, तो राउटरला जोडूच नये. त्यांनी आपसांत हव्या तेवढ्या गप्पा माराव्यात. ज्या मोबाइलवर तुमची बँक आहे, त्याच्या जाळ्यात त्यांचं काम नाही. पाहुण्यांसाठीही राउटरमध्ये "गेस्ट" नावाची वेगळी सोय असते, ती चालू करून घ्या.

भंगारात टाकण्याआधी

ताई, आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. देऊन टाकू का? माझं उत्तर आहे, विचारल्याशिवाय नाही, आणि आत काय आहे ते पाहिल्याशिवाय तर मुळीच नाही.

माळ्यावरच्या खोक्यात फ्लॉपी असतात. साडेतीन इंची फ्लॉपीत १.४४ मेगाबाइट मावतं, म्हणजे आजचा एक चांगला फोटोही मावत नाही. पण पत्रं मावतात, कविता मावतात, पन्नास पानांचं आत्मचरित्र मावतं. सासऱ्यांनी निवृत्तीनंतर टंकलिखित करवून घेतलेलं घराण्याचं टिपण, यजमानांनी परगावी नोकरीला असताना लिहिलेली पत्रं, असं बरंच काही तिथे झोपलेलं असू शकतं. आणि फ्लॉपी काही तांब्याचा हंडा नव्हे. आपल्या दमट हवेत तिच्यावर बुरशी चढते. दर पावसाळ्यात थोडं थोडं पुसलं जातं.

फ्लॉपी बाहेर काढा आणि उजेडात धरून पत्र्याचं झाकण सरकवून बघा. आत पांढुरके ठिपके दिसले तर ती संगणकात घालू नका. फ्लॉपी तर जाईलच, वाचणारं यंत्रही खराब होईल. ती जाणकाराकडेच द्या. स्वच्छ असेल तर आधी कुलूप लावा. कोपऱ्यातली छोटी खिडकी सरकवून उघडी केली की तिच्यावर नवं काही लिहिलं जात नाही. कॅसेटचे मागचे दोन तुकडे मोडायचो, तशीच युक्ती. साडेतीन इंचीसाठी यूएसबीला लागणारं वाचक यंत्र मिळतं. सव्वापाच इंची असेल तर जुनाच संगणक लागतो. बघा, ज्याला आपण अडगळ म्हणत होतो तोच इथे उपयोगी पडला!

संगणकाने "डिस्क फॉरमॅट करायची का?" असं विचारलं तर उत्तर एकच, नाही. फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणं. यंत्राला वाचता आलं नाही की ते भाबडेपणाने हा प्रश्न विचारतं.

आणि समजा फाइल उघडली, पण आत नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसली? घाबरू नका आणि पुसू तर नकाच. ती बहुधा मराठीच आहे. युनिकोड घरोघरी पोहोचण्याआधी श्री-लिपी, आकृती, आयएसएम असे वेगवेगळे फॉन्ट होते आणि प्रत्येकाची अक्षरांची मांडणी वेगळी. तो फॉन्ट नसेल तर "आई" या शब्दाच्या जागी भलतंच काही दिसतं. अशा मजकुराचं युनिकोडमध्ये रूपांतर करून मिळतं. मूळ फाइल तशीच ठेवा आणि प्रतीवर काम करा. जिथे कचरा दिसत होता तिथे एकेक ओळ मराठीत उमटू लागते, तेव्हा जुनी पेटी उघडून आईची पैठणी हाती यावी तसं होतं.

जे मिळेल त्याच्या तीन प्रती करा. दोन घरात, वेगवेगळ्या साधनांवर, आणि तिसरी घराबाहेर. तिसरी प्रत माहेरी ठेवायला काय हरकत आहे?

एवढं करून जे उरेल ते खुशाल द्या, पण भंगारवाल्याला नको. काचेच्या जुन्या मॉनिटरमध्ये शिसं असतं, आणि तांब्यासाठी वायरी जाळल्या की विषारी धूर निघतो. तो श्वास कोणाच्या तरी लेकराच्या छातीत जातो. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले आहेत. नोंदणी केलेल्या ई-कचरा केंद्राकडेच द्या, तुमच्या नगरपालिकेत चौकशी करा. चालू स्थितीतला जुना संगणक असेल तर दुसरा छंदिष्ट त्याला आनंदाने घर देतो.

वीज आणि जागा

छंदाला हिशेब हवा. जुना ६० वॅटचा संगणक घरचा साठवणीचा डबा म्हणून रात्रंदिवस चालू ठेवला तर दिवसाला १.४४ युनिट, म्हणजे महिन्याला ४३ युनिट होतात. तेच काम पत्त्यांच्या जोडाएवढा रासबेरी पाय करतो. हा २०१२ मध्ये केंब्रिजमध्ये निघाला, आणि त्याच्या प्रकारांना "ए" आणि "बी" ही नावं बीबीसी मायक्रोवरूनच ठेवली आहेत. तो ६ वॅट घेतो असं धरलं तर महिन्याला सव्वाचार युनिटच्या आसपास. तुमच्या बिलावरच्या दराने गुणून यजमानांसमोर कागद ठेवा. भांडणापेक्षा आकडा जास्त बोलतो. मग ठरवा, जुनी यंत्रं रविवारी चालतील, छोटं यंत्र रोज चालेल. जागाही ठरवून द्या, एक खोली किंवा एक कपाट. नवं आलं की जुनं एक जायचं. साड्यांना आपण हाच नियम लावतो, निदान लावायचा म्हणतो तरी.

जाळ्याची वही

आता सर्वांत महत्त्वाचं. एक साधी दोनशेपानी वही आणा. यजमानांना शेजारी बसवा, चहा द्या आणि ते सांगतील तसं स्वतःच्या हाताने लिहून घ्या. त्यांच्या अक्षरात नको, कारण ते आपल्याला लागायचं असतं तेव्हा लागत नाही.

इंटरनेट कंपनीचं नाव, ग्राहक क्रमांक, तक्रारीचा फोन. राउटरमध्ये शिरण्याचं नाव आणि पासवर्ड. वाय-फायचा पासवर्ड. साठवणीच्या डब्याचं नाव, पासवर्ड, आणि आत काय कुठे आहे. कोणती वायर कुठून कुठे जाते याचं चित्र, वेडंवाकडं चालेल. बॅकअप कुठे कुठे आहे. डबा कुलूपबंद केलेला असेल, म्हणजे एन्क्रिप्ट केलेला, तर त्याची किल्ली. शेवटी, अडलं तर ज्याला विचारायचं त्या माणसाचा फोन. बँकेचे पासवर्ड यात लिहू नका. वही लॉकरमध्ये किंवा दागिन्यांच्या जागी ठेवा, आणि दर दिवाळीला हिशेबाबरोबर तीही ताजी करा.

मग एकदा परीक्षा द्या. यजमानांना बाहेर पाठवा, राउटर बंद करून पुन्हा चालू करा, आणि वही बघून डब्यातला एक फोटो उघडून दाखवा. उघडला की वही पुरी झाली. नाही उघडला तर काय राहिलं ते कळलं.

हा विषय काढायला काहीजणींना अवघड वाटेल, ठाऊक आहे मला. माणूस समोर धडधाकट असताना "तुमच्यामागे कसं" असं तोंडातून निघत नाही. मग तसं म्हणूच नका. "मला शिकवा" म्हणा. छंद असलेल्या माणसाला याहून गोड शब्द नाही. बरं, आजारपण आणि परगावचा मुक्काम तर कोणालाच चुकत नाही.

दुसऱ्या पत्रातल्या भगिनीसाठी चार शब्द. वाय-फायची काळजी करू नका. तुमच्या इंटरनेट कंपनीला कळवा, जोडणी तुमच्या नावावर करून घ्या, राउटर ते नव्याने लावून देतील. पण काळ्या डब्याचं एकही बटण दाबू नका, विशेषतः टाचणीने दाबायचं बारीक बटण. डबा चालू असेल तर तो रीतसर बंद करून मगच जाणकाराकडे न्यायचा. आतली डिस्क काढून कोणी साध्या संगणकाला लावली, तर तो बहुधा "फॉरमॅट करायची का" असंच विचारेल, कारण अशा डब्यांची लिहिण्याची पद्धत वेगळी असते. तिथे नाही म्हणायचं. डबा एन्क्रिप्ट केलेला नसेल तर पासवर्ड नसतानाही फोटो मिळण्याची चांगली शक्यता असते. केलेला असेल तर किल्लीवाचून तो उघडत नाही, हेही स्पष्ट सांगते. मात्र आधी घरात शोधा. यजमानांच्या जुन्या डायऱ्या, यंत्राचं माहितीपुस्तक, राउटरच्या खालची चिकटपट्टी, टेबलाच्या खणाचा तळ. ही मंडळी पासवर्ड डोक्यात आहे म्हणतात, पण कुठेतरी टिपून ठेवतात. आणि लग्नाचे फोटो त्यांनी कोणाकोणाला पाठवले होते, त्या नातेवाइकांना आजच फोन करा. जुन्या मोबाइलमध्ये अजून असतील.

काय झालं ते मला जरूर कळवा.

बाकीच्या मैत्रिणींनो, येत्या रविवारी दुपारी, जेवणं आटोपली की वही काढा. पहिल्या पानावर तारीख घाला आणि राउटरपासून सुरुवात करा.